दाजी, अर्नहार्टला सीटबेल्टने मारलं नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर दाजींनी एक फॉरवर्ड टाकला. वर एका रेसिंग कारचा फोटो, तिला हार घातलेला, आणि खाली मजकूर असा: ‘जगातला सर्वांत महान रेसर डेल अर्नहार्ट. शाळा सोडली म्हणूनच मोठा झाला. सात वेळा वर्ल्ड चॅम्पियन. डेटोनाची शर्यत पहिल्याच झटक्यात जिंकली. २००१ साली सीटबेल्टनेच त्याचा जीव घेतला. बेल्ट नसता तर बाहेर फेकला जाऊन वाचला असता. रिपोर्ट दाबला गेला. जाणकार ड्रायव्हर बेल्ट लावत नाहीत. मग आपल्याकडे सक्ती कशाला? पावत्या फाडायला! पुढे पाठवा.’

असले फॉरवर्ड मी वाचून सोडून देतो. पण रात्री ताईचा फोन आला. दाजींनी गाडीतला बेल्टचा अलार्म वाजू नये म्हणून बकलमध्ये एक नुसती क्लिप खोचून ठेवली आहे. आठवड्यातून दोन-दोनदा कोल्हापूर-पुणे करणारा माणूस. ‘तू त्या शर्यती बघतोस ना, तूच सांग त्यांना,’ असं ताई म्हणाली. फोनवर सांगायला गेलो तर दाजी ऐकून घेणार नाहीत, म्हणून लिहितो.

सर्वांत घातक वाक्य आधी घेऊ: सीटबेल्टनेच जीव घेतला.

१८ फेब्रुवारी २००१, अमेरिकेतल्या डेटोना ५०० या मोटारशर्यतीची शेवटची फेरी. फ्लोरिडातला अडीच मैलांचा, म्हणजे चार किलोमीटरचा ट्रॅक. वळणांवर तो ३१ अंशांनी कललेला आहे. अर्नहार्ट तिसरा होता. त्याच्यापुढे मायकल वॉल्ट्रिप आणि स्वतःचा मुलगा डेल ज्युनिअर, दोघंही त्याच्याच मालकीच्या संघाच्या गाड्या चालवत होते. मागून येणाऱ्यांना अडवत असताना चौथ्या वळणात स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीचा त्याच्या गाडीला धक्का लागला. गाडी आधी खाली घसरली, मग वर वळली, केन श्रेडरच्या गाडीवर आदळली आणि तशीच काँक्रीटच्या भिंतीत गेली. तेव्हा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर होता. टीव्हीवर हा अपघात किरकोळ वाटतो. गाडी उलटली नाही, पेटली नाही. पण डोळ्याचं पातं लवायच्या आत गाडीचा वेग ताशी सुमारे सत्तर किलोमीटरने बदलला. कवटीचा तळ फ्रॅक्चर झाला आणि माणूस गेला.

आता फॉरवर्डमधलं अर्धं सत्य. ते मान्य करावंच लागेल, नाइलाज आहे. बेल्ट तुटला होता. ही अफवा कुणी हवेतून काढलेली नाही. अपघातानंतर पाचव्या दिवशी खुद्द नॅसकारने, म्हणजे या शर्यती भरवणाऱ्या संस्थेने, पत्रकारांना बोलावून सांगितलं की गाडीत डाव्या बाजूचा कमरेचा पट्टा तुटलेला सापडला. पट्टा बनवणाऱ्या कंपनीवर तेव्हा आभाळ कोसळलं. ‘बेल्टने मारलं’ ही गोष्ट तिथून सुटली आणि वीसहून जास्त वर्षं फिरत फिरत दाजींच्या फोनपर्यंत आली. वाटेत ‘बेल्ट तुटला’ यातला ‘तुटला’ तेवढा गळून पडला!

पुढे काय झालं ते फॉरवर्डमध्ये नाही. एका वृत्तपत्राने शवविच्छेदनाची छायाचित्रं बघायला मागितली, अर्नहार्टच्या पत्नीने विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं. तडजोड म्हणून ड्यूक विद्यापीठातले डॉ. बॅरी मायर्स यांनी ती छायाचित्रं एकदा पाहायची आणि मत द्यायचं असं ठरलं. मायर्स ना नॅसकारचे, ना कुटुंबाचे, ना बेल्टच्या कंपनीचे. एप्रिल २००१ मधला त्यांचा निष्कर्ष असा: डोकं जोरात पुढे फेकलं गेलं आणि त्याला धरून ठेवणारं काही नव्हतं, म्हणून कवटीचा तळ फुटला, पट्टा शाबूत असता तरी बहुधा हेच झालं असतं. ऑगस्टमध्ये नॅसकारने नेमलेल्या तज्ज्ञांचा अहवाल आला. त्यांचं मत थोडं वेगळं: पट्टा घट्ट-सैल करायच्या अडजस्टरमध्ये एका बाजूला गोळा होऊन फाटला आणि मृत्यूला ज्या गोष्टी कारण झाल्या त्यांपैकी ती एक, श्रेडरच्या गाडीचा धक्का ही दुसरी. म्हणजे तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण कशावर? पट्टा तुटल्यामुळे फरक पडला की नाही, यावर. पट्टा नसता तर बरं झालं असतं, असं दोघांपैकी कुणीही म्हटलेलं नाही.

दाजी इथे एक मुद्दा काढतील, आणि तो त्यांच्या फॉरवर्डपेक्षा शहाणा आहे. धड पट्ट्याने बांधलेलं होतं म्हणूनच डोकं एकटं पुढे गेलं ना? हो. धड थांबलं, डोकं थांबलं नाही, सगळा ताण मानेतून कवटीच्या बुडाशी आला. पण पट्टा काढला की डोकं थांबतं का? धडही डोक्याबरोबर त्याच वेगाने स्टिअरिंगवर जातं, एवढाच फरक. बरगड्या, छाती, डोकं, सगळं एकदम.

यावर उत्तर होतं आणि ते अर्नहार्टला माहीत होतं. मिशिगन स्टेट विद्यापीठातले रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, स्वतः रेसर असलेले जिम डाउनिंग यांनी १९८० च्या दशकातच ‘हान्स’ नावाचं साधन बनवलं होतं. खांद्यांवर बसणारी एक कडक कॉलर आणि तिच्यापासून हेल्मेटला बांधलेल्या दोन दोऱ्या. गाडी थांबली की डोकं धडाबरोबरच थांबतं. आदल्याच वर्षी नॅसकारचे दिग्गज रेसर रिचर्ड पेटी यांचा एकोणीस वर्षांचा नातू अ‍ॅडम आणि पाठोपाठ केनी अर्विन, दोघंही न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर अशाच दुखापतीने गेले होते. तरी अर्नहार्ट हान्सला गळ्यातला फास म्हणून हिणवायचा. हेल्मेटही तोंड उघडं ठेवणारं, जुन्या पद्धतीचं वापरायचा. त्याचा हट्टीपणा मला कधीच कौतुकाचा वाटला नाही, आणि मी त्याचा चाहता आहे.

गंमत बघा, हान्सची कॉलर खांद्यावर कशाने धरून ठेवतात? खांद्यावरून येणाऱ्या बेल्टने. बेल्ट तिच्यावरून जातो, तोच तिला दाबून धरतो. बेल्ट काढला तर हान्स म्हणजे गळ्यात अडकवलेलं खोगीर. म्हणजे ज्या मृत्यूवरून फॉरवर्डवाले बेल्ट सोडायला सांगतात, त्याच मृत्यूनंतर रेसर लोकांनी स्वतःला आणखी घट्ट बांधून घेतलं. बहुतेकांनी तर सक्ती व्हायच्या आधीच. ऑक्टोबर २००१ मध्ये नॅसकारने डोकं-मान धरणारं साधन सक्तीचं केलं. पुढच्या वर्षी इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर काँक्रीटच्या भिंतीपुढे पोलाद आणि फोमची, धक्का सोसून थोडी मागे जाणारी भिंत बसली. नंतर ती बाकीच्या ट्रॅकवरही गेली. त्या दिवसानंतर नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत एकाही ड्रायव्हरचा शर्यतीत मृत्यू झालेला नाही. २०२० च्या डेटोना ५०० मध्ये रायन न्यूमनची गाडी शेवटच्या फेरीत हवेत उलटली आणि दुसऱ्या गाडीने ती थेट ड्रायव्हरच्या बाजूने ठोकली. बघणाऱ्यांनी आशा सोडली होती. दोनच दिवसांनी तो स्वतःच्या पायांनी हॉस्पिटलबाहेर आला. ‘जाणकार ड्रायव्हर बेल्ट लावत नाहीत’ या वाक्याबद्दल मी यापलीकडे काही बोलणार नाही.

‘बाहेर फेकला जाऊन वाचला असता.’ हे वाचून मला खरंच हसू आलं आणि मग चीड आली, कारण अगदी हाच विचार करणारा एक चॅम्पियन होऊन गेला आहे. जो वेदरली, १९६२ आणि १९६३ चा विजेता. गाडीला आग लागली तर आपण अडकून पडू, या भीतीने तो खांद्यावरचे पट्टे लावायचा नाही. कमरेचा पट्टा तेवढा लावायचा. जानेवारी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर त्याची गाडी भिंतीला घासली. फार मोठा अपघात नव्हता. पण वरचं अंग मोकळं होतं, डोकं खिडकीबाहेर गेलं आणि भिंतीवर आदळलं. तो जागीच गेला. आज नॅसकारच्या प्रत्येक गाडीच्या खिडकीला जाळी दिसते ना, ती ड्रायव्हरचं डोकं आणि हात आतच राहावेत म्हणून. बाहेर फेकलं जाणं म्हणजे सुटका, असं मानायला त्या खेळातलं कुणीही आज तयार नाही. रस्त्यावर तर बाहेर काय असतं? डांबर, दुभाजक आणि मागून येणारा ट्रक.

आणि अर्नहार्टचंच घ्या. १९९६ मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर त्याची गाडी ताशी तीनशेच्या आसपास वेगात भिंतीवर गेली, उलटली, वर इतर गाड्या येऊन आदळल्या. गळपट्टीचं आणि छातीचं हाड मोडलं. तो बाहेर आला आणि चालत अँब्युलन्सपर्यंत गेला. पंधरवड्यात वॉटकिन्स ग्लेनच्या ट्रॅकवर त्याने सर्वांत वेगवान फेरी मारून पहिल्या जागेवरून सुरुवात केली आणि शर्यतीत सहावा आला. हा पराक्रम फॉरवर्डवाल्यांना आवडेल. तेव्हा त्याला सीटवर कशाने धरून ठेवलं होतं, तेही लिहा की मग.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर सप्टेंबर २०२२ चं आहे. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी कठड्यावर आदळली. गाडीत चौघं. मागे बसलेले दोघं गेले, पुढचे दोघं जबर जखमी होऊन वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी साधीसुधी नव्हती, मर्सिडीज होती. तो महामार्ग ४८ नंबरचा, दाजी. तुम्ही पुण्याला जाता तोच, फक्त वरचा भाग. अलार्म गप्प करणाऱ्या त्या क्लिपा विकायच्या नाहीत, असे आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना काढले होते. पावत्या फाडायचंच कारस्थान असतं तर उलट त्या क्लिपा फुकट वाटल्या असत्या! केंद्रीय कायद्यात दंड हजार रुपये आहे. कोल्हापूर-पुणे डिझेलला त्याहून जास्त लागतात.

‘रिपोर्ट दाबला.’ नाही. छायाचित्रं बंद केली, तीही फ्लोरिडाच्या विधिमंडळाने कायदा करून, कारण नवऱ्याच्या प्रेताचे फोटो इंटरनेटवर फिरू नयेत असं बायकोला वाटत होतं. कुणाच्याही बायकोला वाटेल. अहवाल मात्र ऑगस्ट २००१ मध्ये अटलांटात जाहीरपणे मांडला गेला. या फॉरवर्डच्या एका इंग्रजी भावंडात मार्लिनने मुद्दाम ठोकलं असंही म्हटलेलं असतं. त्या बिचाऱ्याला तेव्हा जिवे मारायच्या धमक्या आल्या. त्याला दोष देऊ नका असं जाहीर सांगणारा पहिल्या काही जणांत खुद्द डेल ज्युनिअर होता.

बाकीचं भराभर. अर्नहार्टची सात विजेतेपदं खरी: १९८०, ८६, ८७, ९०, ९१, ९३, ९४. पण ‘वर्ल्ड’ नव्हे, ती अमेरिकेतली मालिका. शाळा त्याने नववीत सोडली, हेही खरं. ‘म्हणूनच मोठा झाला’ हे मात्र कुणाच्या तरी मनाचं. कॅनापोलिस हे नॉर्थ कॅरोलिनातलं कापडगिरणीचं गाव. बाप राल्फ मातीच्या ट्रॅकवर शर्यती मारून घर चालवायचा, आणि मुलगा त्या गॅरेजमध्ये वाढला. ती त्याची शाळा होती, आणि ती सगळ्यांच्या घरामागे नसते. राल्फ १९७३ मध्ये वारला. पुढे मुलाचं वेल्डिंग कर, टायर चढव, उधारीवर गाडी उभी कर, असं चालू. सर्वोच्च मालिकेत पहिली शर्यत १९७५ मध्ये मिळाली, त्यात तो बावीसावा आला. १९७८ संपेपर्यंत एकूण नऊ शर्यती. सत्तावीस वर्षांचा, संसार वाढलेला, कर्ज डोक्यावर आणि हाताशी नऊ शर्यती. शाळा सोडून चॅम्पियन व्हायची स्वप्नं बघणाऱ्या भाच्याला ही ओळ दाखवा.

डेटोना ५०० पहिल्या झटक्यात? विसाव्या. १९९० मध्ये शेवटच्या फेरीत पुढे असताना ट्रॅकवरच्या तुकड्याने टायर कापला गेला. १९९७ मध्ये गाडी उलटली, त्याला अँब्युलन्समध्ये बसवलं. आतून त्याने पाहिलं की गाडीची चारही चाकं जागेवर आहेत, तेव्हा खाली उतरला, गाडी सुरू करायला लावली आणि शर्यत पूर्ण केली. १९९८ मध्ये एकदाची जिंकली, तेव्हा प्रत्येक संघाची माणसं पिटच्या, म्हणजे शर्यतीत गाड्या थांबवून टायर-इंधन घेतात त्या रस्त्यावर रांगेने उभी राहून त्याच्या हातावर टाळी द्यायला आली होती. इतकी सुरेख गोष्ट खोटी करून का सांगायची, ते मला कळत नाही.

आणि हार घातलेली ती गाडी निळी आहे, तिच्यावर ४३ नंबर आहे. अर्नहार्टची गाडी काळी, ३ नंबरची. ४३ नंबर रिचर्ड पेटींचा, आणि ते १९९२ मध्येच निवृत्त झाले.