गिरमिटवाल्याची बेस

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. त्या यादीत जुन्या बेस गिटारचं नाव घालायचं राहून गेलंय.

माझ्याकडे आलेल्या बेसच्या हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावर, नावच नाही. कुणीतरी तिथलं पॉलिश सँडपेपरनं घासून पार लाकूड उघडं केलंय. बॉडी काळी, पण कडेचा काळा उडालाय तिथे लाल दिसतो आणि लाल उडालाय तिथे पिवळट. तारांची थरथर टिपणारे दोन पिकअप, ते एकमेकांच्या नात्यातले वाटत नाहीत. तीन टॉगल स्विच. तारा खाली ज्याच्यावर टेकतात तो ब्रिज पितळी आणि असा वजनदार, की तेवढाच उशाशी ठेवला तर चोराची भीती नाही. विकणारा म्हणाला होता, "साठच्या दशकातली फेंडर आहे." विकणारे तेच म्हणतात. नाव खोडलेली प्रत्येक बेस फेंडर असती, तर त्या कारखान्यानं रात्रपाळी कधी थांबवलीच नसती.

त्याला तरी का दोष द्या. लिओ फेंडरनं 1951 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला प्रिसिजन बेस काढली, 1960 मध्ये जॅझ बेस आणली, आणि त्यानंतर जगानं त्या दोघींच्या नकला करण्यापलीकडे फारसं काही केलं नाही. त्यामुळे आकारावरून काही कळत नाही. मी टेप लावला: नटपासून, म्हणजे वर तारा टेकतात त्या पट्टीपासून, निम्म्यावरच्या बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या) 17 इंच, म्हणजे पूर्ण स्केल, तारेची वाजती लांबी, 34 इंच. फेंडरचं माप, अर्थात नकलाकारांचंही तेच. नेक, म्हणजे मान, मात्र नटपाशी 38 मिलिमीटर रुंद, जॅझ बेससारखी सडपातळ, आणि बॉडी प्रिसिजनच्या वळणाची. म्हणजे मान एका घरातली, धड दुसऱ्या.

मग फोटो पाठवणं सुरू झालं. या छंदातले जाणकार फोटो बघून "छान आहे" असं कधीच म्हणत नाहीत. "मागून दाखवा" म्हणतात. मागून दाखवली की "उघडून दाखवा". एक म्हणाले, नेक खरी, बॉडी खोटी. दुसरे म्हणाले, बॉडी खरी, नेक खोटी. तिसऱ्यांनी दोन्ही खोट्या ठरवल्या आणि वर विकत घेण्याची तयारी दाखवली. त्यांच्यापासून मी तेव्हापासून जपून आहे.

मागच्या नेकप्लेटवर, मान धडाला जोडणाऱ्या पत्र्यावर, नंबर आहे, त्याचा मला मोठा आधार वाटत होता. दादांनी तो एका वाक्यात काढून घेतला. दादा आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ बेसवादक. "अरे, त्या प्लेटा खोक्यात पडलेल्या असायच्या. हाताला येईल ती लावायचे. आणि चार स्क्रू काढले की प्लेट बदलते, तुला कुणी सांगितलं ही हिचीच आहे?" फेंडरनं 1976 पासून नंबर हेडस्टॉकवर नेला, पण आमच्या हेडस्टॉकवर सँडपेपर फिरलेला.

शेवटी दादाच स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. कंट्रोल प्लेट उचलली, आतून जुन्या सोल्डरचा आणि धुळीचा वास आला, आणि व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे बटणाखाली फिरणाऱ्या भागाच्या, पाठीवर आकडे दिसले: 1377741. दादांचा आवाज चढला. "137 म्हणजे सीटीएस, अमेरिकन कंपनी. 77 साल. एक्केचाळिसावा आठवडा!" पत्रिका सापडल्याचा आनंद आम्ही दोघांनी मिळून घेतला. पण पॉटवरची तारीख पॉटची. ते गिटारीत कधी बसलं हे ते सांगत नाही. फेंडरनं स्वतःच 1966 मध्ये पॉटचा इतका मोठा साठा घेतला होता, की पुढच्या काही वर्षांच्या गिटारींतही तेच निघतात. इथे तर झाळलेलं सोल्डर बोराएवढं होतं. कारखान्यातली बाई असं झाळत नाही. हे हौशी माणसाचं काम.

खरी साक्ष पॉटनं नाही, पॉटच्या भोकानं दिली. प्लेटमधलं ते भोक गोल नव्हतं. कडेला कानशीचे ओरखडे, एका बाजूला जास्त घासलेलं. अमेरिकन पॉटचा गळा 3/8 इंची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. जपानी छोट्या पॉटचा सात. मोठा पाहुणा लहान दारातून आत घ्यायचा असेल तरच माणूस कानस हातात घेतो. म्हणजे जन्माच्या वेळी हिच्या पोटात मिलिमीटर होते, इंच नंतर आले. दादांनी पिकअप उचलून खालच्या खाचेत बॅटरी मारली. रंग पोचला नव्हता तिथे लाकडाचे थर दिसले, एकावर एक, सरळ रेषेत. प्लायवूड.

"जपान," दादा म्हणाले. बातमी वाईट असावी अशा आवाजात.

वाईट कशाला? सत्तरच्या दशकात जपानच्या मात्सुमोतो शहरात मात्सुमोकु आणि फुजिगेन यांसारखे कारखाने जगाला गिटारी पुरवत होते, आणि त्यांतल्या कितीतरी गिटारी आज लोक मोठ्या कौतुकानं वाजवतात. अडचण वेगळीच. एकाच कारखान्यातून निघालेल्या वाद्यावर ज्या आयातदाराची ऑर्डर त्याचं नाव लागायचं. त्यामुळे जन्मगाव कळलं तरी आडनाव कळत नाही. त्यात हल्ली त्या काळातल्या कुठल्याही जपानी नकलेला 'लॉसूट', म्हणजे कोर्टात दावा झालेली, म्हणून भाव चढवतात. वास्तविक 1977 चा तो दावा गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीच्या मालक कंपनीनं आयबनेझ या जपानी गिटारींच्या अमेरिकन कंपनीवर लावला होता, तोही हेडस्टॉकच्या आकारावरून. आमच्या बेसला त्या कोर्टात साक्षीलासुद्धा कुणी बोलावलं नसतं.

नेक काढली तेव्हा टाचेवर पेन्सिलीची तारीख मिळेल अशी आशा होती. तिथे बदामची राणी निघाली. नेकचा कोन साधायला पत्त्याचा तुकडा कापून पाचर मारलेली. राणीचा अर्धा चेहरा, एक डोळा आमच्याकडे. खाली तारीख नव्हती, वाळलेला डिंक होता. एकावन्न पत्त्यांवर पुढचे डाव कसे झाले असतील, देव जाणे.

हिला बनवणारा कोण हे शोधता शोधता माझी ओळख वाढत गेली ती हिला बिघडवणाऱ्याशी. गिरमिट हा त्याचा मुख्य छंद. बारक्या तारेच्या बाजूला बुजवलेली दोन भोकं आहेत. तिथे पूर्वी बोटं टेकायची पट्टी असणार, कारण जुने वादक अंगठ्यानं वाजवत आणि बाकीची बोटं खाली अडकवत. फेंडरनं ती पट्टी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर जाड तारेकडे नेली. आमच्या माणसानंही नेली, फक्त पहिल्या प्रयत्नात वाकडी, म्हणून तिकडे तीन भोकं. मग पितळेची लाट आली: जड ब्रिज, पितळी नट, सूर लांबला पाहिजे. यानं दोन्ही बसवले. मन भरलं नाही, म्हणून स्विच.

पहिला स्विच दोन्ही पिकअप सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक, घेतो, आवाज दणकट होतो. दुसरा एका पिकअपचा फेज, म्हणजे त्याच्या लहरींची दिशा, उलटवतो. तो दाबला की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि बेसमधून नेमका बेस तेवढा जातो. असं बटण माणसानं पैसे खर्चून का बसवावं, हे विचारायला तो हवा होता.

तिसऱ्याबद्दल दादांचं मत फार चांगलं होतं. उघडायच्या आधी तासभर वाजवताना त्यांनी तो वर-खाली करून मला ऐकवला होता. "खाली केलास की बघ, भरतो आवाज. लाकूड बोलायला लागतं." मीही मान डोलावली होती, ज्येष्ठांसमोर कानाला कमी ऐकू येणं बरं दिसत नाही. आता प्लेट उलटी करून मी त्या स्विचच्या पाठीमागे बोट लावलं. सहा पाय, सहाही कोरे, चकचकीत. सोल्डरचा थेंब कधी लागला नव्हता, वायर तर दूरच.

दादांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. मग सगळं परत बसवलं, तारा चढवल्या, सूर लावला, तिसरा स्विच खाली केला आणि म्हणाले, "तुला फरक कळत नाही म्हणून नाही असं नाही."

आता ते आले की आधी तो स्विच खाली करतात आणि मगच वाजवतात. कुठली म्हणून कुणी विचारलंच तर माझ्या आधी तेच सांगतात, "जपानी आहे. पण त्या स्विचला हात लावू नकोस."