वाफेनंतरचा खोकला म्हणजे ‘कफ सुटतोय’ नव्हे

सर्दीचे दिवस आले की मेसेज फिरतो: ‘दिवसातून पाच वेळा, पंधरा मिनिटं कडक वाफ घ्या. विषाणू फुप्फुसातच मरतो. खोकला वाढला तरी थांबू नका, कफ सुटतोय. पाण्यात बाम-कापूर घाला. अपाय शून्य.’

‘विषाणू मरतो.’ करोनाचा विषाणू प्रयोगशाळेत ५६ अंश सेल्सियसला निष्क्रिय व्हायला साधारण अर्धा तास लागतो. ६० अंशांच्या पाण्याने कातडी काही सेकंदांत भाजते. मरायचंच झालं तर आधी नाकाचं अस्तर मरेल.

‘खोकला वाढला म्हणजे कफ सुटतोय.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून ती कोरड्या गरम हवेपेक्षा जास्त भाजते. वारंवार घेतली की घसा आणि स्वरयंत्राचं अस्तर सुजतं, आवाज बसतो, कोरडा खोकला लागतो. तो घालवायला माणूस पुन्हा पातेल्यावर वाकतो! आधी वाफ पूर्ण बंद करा. साधी चुरचुर सहसा काही दिवसांत ओसरते.

नाही ओसरली तर सगळं खापर वाफेवर फोडून मोकळं होऊ नका. ज्या सर्दीसाठी वाफ घेतली, तिच्यामागचा खोकलाच आठ आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. दोन आठवड्यांवर गेला तर क्षयासाठी थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. पहाटे खोकल्याची उबळ, छातीत शिट्टीसारखा आवाज असेल तर स्पायरोमेट्री (नळीत जोरात फुंकून करायची श्वासाची चाचणी), श्वासनलिका रुंदावणारं औषध देण्याआधी आणि नंतर अशी दोनदा. ती नॉर्मल आली म्हणून दमा नाहीच असं ठरत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला, पण आवाज तीन आठवडे बसलेलाच आहे? स्वरयंत्राची सूज त्या एक्स-रेत दिसत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने बघून घ्या. किती दिवस, किती वेळा वाफ घेतली, पाण्यात काय घातलं, हे डॉक्टरांना सांगा. लाजून लपवलं जातं ते नेमकं हेच.

‘बाम-कापूर घाला.’ बाममधलं मेंथॉल थंडाव्याची जाणीव करून देतं. नाक मोकळं वाटतं, सूज तेवढीच राहते. दमेकऱ्याच्या नळ्या उग्र वासाने आकसू शकतात. कापराने लहान मुलांना झटके येऊ शकतात. बाम कातडीवर चोळायचा असतो, उकळायचा नसतो.

‘अपाय शून्य.’ उकळतं पातेलं कलंडून पोरं भाजतात. भाजलं तर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी. टूथपेस्ट, बर्फ नको. वाफ घेतल्यावर आवाज घोगरा झाला, गिळता येईना, लाळ गळू लागली किंवा श्वास आत घेताना आवाज येऊ लागला, तर १०८ ला फोन करा. घशाची सूज काही तासांतही वाढते.

नाक चोंदलंच असेल तर २५० मिली उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाच्या अर्ध्या चमच्याला किंचित कमी मीठ घालून नाक धुवा. पाणी दर वेळी ताजं घ्या; नळाचं कच्चं पाणी नाकात नको.