पॉल जोन्स गेला म्हणून मॅनफ्रेड मॅन संपला नाही

‘१९६६ मध्ये गायक पॉल जोन्स बाहेर पडला आणि मॅनफ्रेड मॅन हा साठच्या दशकातला ब्रिटिश बँड संपला, पुढची तीन वर्षं नुसती जुन्या नावावर निघाली,’ असा मजकूर सतत फिरत असतो. तो चुकीचा आहे.

आधी ब्रिटिश चार्ट, म्हणजे रेकॉर्डच्या खपाची क्रमवारी पाहा. नवा गायक माइक डाबो आल्यावर ‘जस्ट लाइक अ वूमन’ दहावं, ‘सेमी-डिटॅच्ड सबर्बन मिस्टर जेम्स’ दुसरं, ‘हा! हा! सेड द क्लाउन’ चौथं, ‘मायटी क्विन’ १९६८ मध्ये पहिलं आणि ‘फॉक्स ऑन द रन’ पाचवं आलं. आणखी दोन गाणी आठव्या क्रमांकावर पोचली. म्हणजे पहिल्या दहात सात! ‘सो लाँग, डॅड’ मात्र साफ पडलं, हे मान्य.

‘जोन्सचा आवाज हाच बँड’ हेही खरं नाही. बँडला नाव कीबोर्डवाल्याचं, मॅनफ्रेड मॅनचं होतं. गाणं निवडून त्याचा साज बदलायचा, ही त्यांची मूळ ताकद. ‘मायटी क्विन’ बॉब डिलनचं, तेव्हा त्याने स्वतः प्रसिद्धही न केलेलं. त्यातली ती ओळखीची बासरी बॅसवादक क्लाउस फोरमानची. ‘मिस्टर जेम्स’मध्ये तर मेलोट्रॉन, म्हणजे टेपवर मुद्रित केलेले सूर वाजवणारा कीबोर्ड आहे. जोन्सची माउथ ऑर्गन गेली, रिदम अँड ब्लूजचा खरखरीतपणा ओसरला. तो तोटा खराच, पण त्याला संपणं म्हणत नाहीत.

डाबोला जोन्सची ‘नक्कल’ म्हणणं तर अन्यायच. ‘हँडबॅग्ज अँड ग्लॅडरॅग्ज’ हे गाणं त्याने लिहिलं, ‘बिल्ड मी अप बटरकप’चा तो सहलेखक.

मग हा समज आला कुठून? १९६६ मध्ये गायकाबरोबर कंपनीही बदलली. जोन्सच्या काळातल्या रेकॉर्ड एचएमव्हीच्या, डाबोच्या फॉन्टानाच्या. त्यामुळे एकाच कंपनीच्या संग्रहात बहुधा अर्धाच बँड सापडतो. शिवाय जोन्स गेल्यावरही एचएमव्हीने त्याच्या आवाजातलं ‘यू गेव्ह मी समबडी टू लव्ह’ बँडच्या नावावर काढलं. ते ३६व्या क्रमांकावर अडकलं, आणि ते अपयश नव्या फळीच्या खात्यात मांडण्याची चूक सहज होते. म्हणून नुसतं वर्ष पाहू नका, तबकडीवरचं लेबल पाहा. १९६६ च्या उन्हाळ्यात दोन्ही कंपन्यांच्या रेकॉर्ड बाजारात होत्या.