सह्याद्रीचा कातळ आणि मॅग्नेशियम: एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

पावसाळा लागला, गडकिल्ल्यांचे फोटो येऊ लागले, की त्यांच्यासोबत एक मजकूर हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र तोच: ‘जमिनीखाली तीस-चाळीस किलोमीटरवर सगळीकडे उकळता लाव्हा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो फुटून वर आला आणि थिजला, तोच आपला सह्याद्री. म्हणजे आपला कातळ हा पृथ्वीच्या पोटातला मूळ दगड, जसाच्या तसा. म्हणून तो काळा आहे आणि जगात सर्वांत जास्त मॅग्नेशियम त्यातच आहे. डोलोमाइट, मॅग्नेसाइट, शंखजिरे हे मॅग्नेशियमचे दगडसुद्धा ज्वालामुखीतूनच आले.’

यातलं साडेसहा कोटी वर्षांचं कालमापन जवळपास बरोबर आहे. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे, हेही खरं. बाकीचं मात्र चूक आहे, आणि मधलं विधान तर नेमकं उलटं आहे. सह्याद्रीचा कातळ वर आला तो बहुतेक मॅग्नेशियम खाली सोडून. हा मजकूर शाळेतली मुलं प्रकल्पाच्या वहीत उतरवून घेताना मी पाहिली आहेत, म्हणून त्याचा एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

पहिला दावा: ‘खाली सगळीकडे लाव्हा आहे.’

आपल्या पायांखालचं कवच जमिनीवर साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड असतं आणि समुद्रतळाखाली सहा-सात किलोमीटर. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आहे. पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा सुमारे ८४ टक्के भाग याच प्रावरणाचा. आणि ते घन आहे, दगडाचं आहे.

तिथवर कोणी खणत गेलेलं नाही, मग हे कळलं कसं? त्याची एक वाट भारतातूनच जाते. १२ जून १८९७ रोजी आसाममध्ये प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा अभ्यास केला. दूरदेशीच्या यंत्रांवर उमटलेल्या नोंदी ताडून पाहताना त्यांना भूकंपाच्या लहरी वेगवेगळ्या जातींच्या असल्याचं ओळखता आलं. प्राथमिक लहरी सर्वांत आधी पोचतात, दुय्यम लहरी त्यांच्यामागून येतात. दुय्यम लहरींत पदार्थ आडवा हलतो. द्रवाला आकार नसल्यामुळे तो असा हलून पुन्हा मूळ जागी येऊ शकत नाही, म्हणून या लहरी द्रवातून जातच नाहीत. प्रावरणातून मात्र त्या आरपार जातात. त्या अडतात ते २,९०० किलोमीटर खाली, वितळलेल्या लोखंडाच्या बाह्य गाभ्यापाशी. प्रावरण म्हणजे लाव्ह्याचा समुद्र असता, तर जगातल्या कुठल्याच केंद्राला दूरच्या भूकंपाच्या दुय्यम लहरी मिळाल्या नसत्या.

प्रावरणाच्या वरच्या भागात तापमान १,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. इतक्या उष्णतेत तो दगड आपल्या अंगणात वितळू लागला असता. खाली वरच्या दगडाचा दाब त्याला वितळू देत नाही. लाखो वर्षांच्या हिशेबात तो अतिशय संथपणे सरकतो, पण सरकतो तोही घन अवस्थेतच.

दुसरा दावा: ‘आपला कातळ म्हणजे मूळ दगड, म्हणून सर्वांत जास्त मॅग्नेशियम त्यात.’

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे.

प्रावरणाच्या वरच्या भागातला दगड म्हणजे पेरिडोटाइट. तो मुख्यतः ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन या खनिजांचा असतो. रंगाने हिरवट, हाताला जड. ऑलिव्हीनचे स्वच्छ स्फटिक दागिन्यांत पेरिडॉट म्हणून बसवतात. भूशास्त्रज्ञ खडकातलं मॅग्नेशियम त्याच्या ऑक्साइडच्या रूपात मोजतात. पेरिडोटाइटमध्ये ते ३८ ते ४० टक्क्यांच्या घरात भरतं. दख्खनच्या नेहमीच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळात, बहुतेक ठिकाणी ५ ते ७ टक्के. एक दुसऱ्यातून जसाच्या तसा आला असता तर हे आकडे इतके लांब पडले नसते.

खोलवरचं तप्त प्रावरण वर सरकू लागलं की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि तो दगड वितळायला लागतो. सगळा वितळत नाही, त्याचा लहानसा भाग वितळतो. ऑलिव्हीनमधलं मॅग्नेशियम तिथेच घट्ट राहतं, कारण मॅग्नेशियमचं प्रमाण जितकं जास्त तितकं ऑलिव्हीन वितळायला अवघड. शुद्ध मॅग्नेशियमचं ऑलिव्हीन १,८९० अंशांच्या आसपास वितळतं. आधी सुटतात सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम, लोहाचा काही भाग आणि थोडंच मॅग्नेशियम. चौपाटीवरचा बर्फाचा गोळा चोखताना सरबत आधी तोंडात येतं आणि काडीला पांढरा बर्फ उरतो, तसाच हा प्रकार. बेसॉल्ट हे वर आलेलं सरबत. मॅग्नेशियमचा साठा खाली उरलेल्या दगडात.

वर येतानाही गळती चालूच राहते. कवचात कुठेतरी हा शिलारस साचतो, निवू लागतो आणि त्यातून सर्वांत आधी ऑलिव्हीनचेच स्फटिक बनून तळाशी बसतात. अशा क्रमाचा प्रयोगशाळेत कसून अभ्यास केला तो नॉर्मन बोवेन यांनी, विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत. स्फटिक बाजूला पडले की उरलेल्या रसातलं मॅग्नेशियम आणखी घटतं. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई इथे आपण ज्या खडकावर उभे राहतो, तो असा दोनदा गाळला गेलेला आहे. मला यात त्या खडकाचा कमीपणा दिसत नाही. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या थरांखाली किती दगड वितळला असेल आणि कवचात किती ऑलिव्हीन बसून राहिलं असेल, याचा विचार केला की डोकं गरगरतं.

मग प्रावरणाचा खरा तुकडा कधी वर येतो का? येतो. कच्छमध्ये भूजच्या परिसरात काही जुन्या ज्वालामुखीच्या टेकड्या आहेत. त्यांच्या काळ्या खडकात हिरवट गोळे अडकलेले सापडतात. वेगाने वर येणाऱ्या शिलारसाने वाटेत प्रावरणाच्या भिंतीचे तुकडे तोडून सोबत आणले, तेच हे. आजूबाजूचा काळा बेसॉल्ट आणि त्यातला हिरवा पेरिडोटाइट हाताच्या तळव्यावर मावतील एवढ्या नमुन्यात शेजारी शेजारी दिसतात. या दाव्याला याहून चोख उत्तर मला माहीत नाही. लडाखमध्ये तर समुद्रतळाखालच्या प्रावरणाचे पट्टेच्या पट्टे भूखंडांच्या धडकेत डोंगरावर चढून बसले आहेत. ओमानमध्ये असा पट्टा शेकडो किलोमीटर लांब आहे.

मॅग्नेशियमने खरोखर समृद्ध असा लाव्हा पृथ्वीवर वाहिला, तोही फार जुन्या काळात. दक्षिण आफ्रिकेत कोमाटी नदीच्या खोऱ्यात १९६९ साली व्हिलयुन बंधूंनी असा खडक ओळखला. त्याला कोमाटिआइट म्हणतात. किमान १८ टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड, काही नमुन्यांत ३०च्या आसपास, आणि वय तीनशे कोटी वर्षांहून जास्त. तेव्हा प्रावरण आजच्यापेक्षा बरंच तापलेलं होतं, त्यामुळे त्याचा मोठा हिस्सा वितळू शकत होता. दख्खनमध्येही मॅग्नेशियम जास्त असलेले थर आहेत, त्यांना पिक्राइट म्हणतात. सौराष्ट्रातल्या खोल बोअरच्या नमुन्यांत ते मिळाले, पश्चिम घाटाच्या खालच्या थरांतही आहेत. पण सगळा सह्याद्री तसा नाही.

तिसरा दावा: ‘काळा आहे, म्हणजे मॅग्नेशियम आहे.’

मॅग्नेशियम रंग देत नाही. शुद्ध मॅग्नेशियमचं ऑलिव्हीन रंगहीन असतं, मॅग्नेसाइट पांढराशुभ्र, शंखजिरे पांढरं किंवा फिकट हिरवं. बेसॉल्टचा काळेपणा लोहाचा आणि लोह असलेल्या बारीक खनिजांचा. मॅग्नेशियम आणि लोह एकाच खनिजात बऱ्याचदा एकत्र राहतात, त्यातून हा गैरसमज आला असावा.

चौथा दावा: ‘डोलोमाइट, मॅग्नेसाइट, शंखजिरे ज्वालामुखीतूनच आले.’

मला सर्वांत जास्त खटकतो तो हा. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत डोलोमाइट आहे. ते पैनगंगेच्या खोऱ्यातल्या जुन्या समुद्री थरांत आहे आणि दख्खनचा लाव्हा या थरांच्या वर येऊन पसरलेला आहे. जो दगड लाव्ह्याच्या कितीतरी आधी तिथे होता, तो त्या लाव्ह्यातून जन्माला येणार कसा?

डोलोमाइट म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं कार्बोनेट. एका थरात कॅल्शियम, पुढच्या थरात मॅग्नेशियम, अशी त्याची शिस्तीची रचना. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. उथळ खाजणात पाणी आटतं, जिप्सम बनून कॅल्शियम निघून जातं, मग उरलेल्या खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियमचं पारडं जड होतं. असं पाणी चुनखडकात मुरलं की त्यातलं निम्मं कॅल्शियम हटवून मॅग्नेशियम तिथे बसतं. बरंचसं डोलोमाइट आधी साधा चुनखडक होतं.

यात एक कोडं मात्र दोनशे वर्षं छळत राहिलं. देओदा द दोलोमियू यांनी १७९१ मध्ये या दगडाचं वर्णन केलं. जुन्या थरांत तो डोंगरच्या डोंगर सापडतो, आजच्या समुद्रात मात्र फार कमी बनतो. अमेरिकेत लिंटन लँड यांनी साध्या तापमानाला तो प्रयोगशाळेत बनवू पाहिला. द्रावणात लागतं त्याच्या हजारपट साहित्य होतं, तरी ३२ वर्षांनंतरही डोलोमाइट जमलं नाही, असं त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं. अशा निष्फळ प्रयोगाचा इतका सरळ वृत्तांत छापणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. २०२३ मध्ये मिशिगन आणि होक्काइदो विद्यापीठांतल्या संशोधकांनी त्यामागचं कारण दाखवलं. अणू चुकीच्या जागी बसतात आणि वाढ अडते. पाणी मधूनमधून पातळ झालं, तर चुकीचे बसलेले अणू आधी विरघळून जातात आणि पुढचा थर नीट बसतो. अशी आवर्तनं करून त्यांनी सुमारे ३०० थर वाढवून दाखवले. भरती-ओहोटी आणि पाऊस-उन्हाळा हे काम निसर्गात करत असावेत. यात ज्वालामुखीची गरज कुठेच लागत नाही.

मॅग्नेसाइटच्या तर भारतात दोन अगदी वेगळ्या कथा आहेत. तमिळनाडूत सेलमजवळच्या चॉक हिल्समध्ये ऑलिव्हीनने भरलेल्या खडकात पांढऱ्या मॅग्नेसाइटच्या शिरा आहेत. कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या पाण्याने त्या खडकातलं मॅग्नेशियम काढून घेतलं आणि भेगांत साठवलं. उत्तराखंडात अल्मोडा, बागेश्वर, पिथौरागढ या भागातलं मॅग्नेसाइट मात्र प्राचीन समुद्रातल्या डोलोमाइटच्या सोबतीने आहे. शंखजिरेही तिथेच: डोलोमाइट किंवा मॅग्नेसाइट, गरम पाणी आणि सिलिका एकत्र आले की ते तयार होतं. ऑलिव्हीनमध्ये पाणी शिरून बनलेल्या सर्पेंटाइनपासूनही शंखजिरे होऊ शकतं. खनिज एकच, वाटा दोन.

उलट महासागरातल्या कटकांपाशी, म्हणजे समुद्रतळावरच्या लांबलचक डोंगररांगांपाशी, जिथे आजही लाव्हा बाहेर पडतो, तिथे भेगांत शिरलेलं समुद्राचं पाणी तापून आपलं मॅग्नेशियम खडकाला देऊन टाकतं. म्हणजे तिथला लाव्हा समुद्राला मॅग्नेशियम पुरवत नाही, त्याच्याकडून घेतो.

या मजकुराच्या काही आवृत्त्यांत ‘सह्याद्रीच्या पाण्यात मॅग्नेशियम असतं’ असंही जोडलेलं असतं. ते मान्य करायला हवं. ग्रॅनाइटच्या तुलनेत बेसॉल्टमध्ये मॅग्नेशियम बऱ्यापैकी आहे, खडक कुजताना ते पाण्यात उतरतं, आणि पठारावरच्या विहिरींचं पाणी जड लागण्यात त्याचा वाटा असतो. पण ‘जगात सर्वांत जास्त’ हे त्यातून सिद्ध होत नाही.

आणि मॅग्नेशियमने भरलेला खडक आपल्याच मातीत पाहायचा असेल, तर तो आहे. सिंधुदुर्गात कणकवलीजवळ जानोली आणि वागदे इथे, भंडाऱ्यात पवनीच्या बाजूला, गोव्यात बोंडल्याच्या परिसरात. यातल्या कितीतरी ठिकाणी त्या खडकासोबत क्रोमाइट हे क्रोमियमचं खनिजही मिळतं, कारण ऑलिव्हीन आणि क्रोमाइट शिलारसातून सुरुवातीलाच एकत्र बाहेर पडतात. हे खडक दख्खनच्या लाव्ह्याहून फार जुने आहेत. सह्याद्रीच्या फोटोंखाली त्यांची नावं कोणी लिहीत नाही.