पाखोमच्या गोष्टीबद्दल खुलासा, आधीचा मेसेज चुकीचा आहे

मंडळी, दोन दिवसांपूर्वी मीच एक मेसेज टाकला होता, की चेखवच्या गोष्टीत राजा पाखोम नावाच्या शेतकऱ्याला म्हणतो दिवसभर पळशील तेवढी जमीन फुकट तुझी, आणि तो सूर्यास्ताला पोचत नाही म्हणून सगळं गमावतो. हे चुकलंय, सॉरी. काल पुस्तक काढून परत नीट वाचली. ही गोष्ट टॉलस्टॉयची आहे, 1886 सालची. राजाबिजा कोणी नाही, रशियातल्या बाष्कीर जमातीचा मुखिया आहे आणि जमीन फुकट नाही, दिवसभरात पायी फेरी मारून वेढा घालशील तेवढ्या जमिनीला 1000 रूबल भाव, सूर्य मावळायच्या आत निघालेल्या जागी परत नाही आलं तर पैसे बुडाले.

आणि मुख्य म्हणजे पाखोम पोचतो हो! खाली सूर्य बुडालेला दिसतो पण टेकडीवर अजून ऊन असतं, तो धापा टाकत वर चढतो, निघालेल्या जागेची खूण म्हणून ठेवलेल्या मुखियाच्या टोपीला हात लावतो, जमीन जिंकतो आणि तिथेच मरतो. मग त्याचा गडी तिथेच त्याला पुरतो, जागा लागते तीन अर्शिन, म्हणजे साधारण सात फूट. तो हरला असं सांगितलं की गोष्टीतला जीवच जातो, मला तरी तसंच वाटतं.

चेखवचं नाव बहुधा त्याच्या 1898 च्या ‘गूजबेरीज’ या गोष्टीमुळे घुसलं असेल, त्यात या तीन अर्शिनांना उत्तर आहे, की तेवढी जागा प्रेताला लागते, माणसाला नाही.

प्लीज जुना मेसेज पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.