दुखायचं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली, असं कोणी सांगितलं?

आज डबा खाताना ऑफिसातली मैत्रीण हसत म्हणाली, "दाढ चार दिवस ठणकली आणि आपोआप थांबली बघ. डॉक्टरचे पैसे वाचले." एकीने तर तिला टाळी दिली. माझं डोकं फिरलंय ते अजून ठिकाणावर नाही.

माझ्या आईची खालची दाढ अशीच "थांबली" होती. आधी थंड पाण्याने नुसती शिणक यायची, घोट गिळला की गायब. मग कळ रेंगाळायला लागली. पुढे गरम चहा सोसेना, रात्री आडवं झालं की ठणका वाढायचा. लवंग दाबून, गोळ्या खाऊन तिने दिवस काढले. आणि एके दिवशी सगळं शांत. केवढी खूश झाली होती!

अहो, आतली नस मेली होती. दुखतंय हे सांगणारीच मेली तर दुखणार कसं? दाताच्या वरच्या इनॅमलला संवेदनाच नसते, म्हणून कीड तिथे असेपर्यंत पत्ता लागत नाही. खालच्या थरात उतरली की थंड, गोड झोंबतं. तेव्हाच गेलात तर सिमेंट भरून भागतं. नसेपर्यंत पोहोचल्यावर ते पुरत नाही. आणि नस मेल्यावर घाण मुळाच्या टोकातून हाडात उतरते, बरेचदा अजिबात न दुखता.

आईचा जबडा सुजला तो नेमका मामेबहिणीच्या हळदीला. तोंड दोन बोटंही उघडेना. मेडिकलवाल्याने अँटिबायोटिक दिली, सूज उतरली, पुन्हा आली. येणारच. मेलेल्या नसेत रक्त पोहोचत नाही, तर रक्तातून येणारं औषध कुठून पोहोचणार? घाण आतूनच काढावी लागते.

हे आम्हाला डॉक्टरनेही सांगितलं नाही, आणि माझा खरा राग तिथे आहे. "रूट कॅनल करायचं की काढायची? इतके होतील." संपलं! आकडा ऐकून आई म्हणाली, काढा. मेथीची जुडी घेताना आपण याहून जास्त प्रश्न विचारतो.

रूट कॅनल म्हणजे भूल देऊन मुळांतल्या बारीक नळ्या, खालच्या दाढेत बहुधा तीन, साफ करून बंद करणं. दाढ आपलीच राहते. वर कॅप लागते, कारण पोखरलेली दाढ चावताना फुटू शकते. काढून टाकली तर शेजारची त्या खड्ड्यात कलंडते, वरची खाली उतरायला लागते. मग ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला खोटा दात, बसवायचा तर ते चांगले दात घासा, इम्प्लांट हवं तर हाडात टायटॅनियमचा स्क्रू. रूट कॅनलला महाग म्हणणाऱ्यांनी एकदा इम्प्लांटचा भाव विचारून बघावा.

आईची वरची दाढ उतरलीच. आता ती एकाच बाजूने चावते. गेल्या हिवाळ्यात हुरड्याला गेलो, तर ही शेकोटीपाशी बसून सगळ्यांना कणसं चोळून देत होती. स्वतः "मला नको गं, पोट भरलंय." सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं तिने.

हो, गरज नसताना कॅपा गळ्यात मारणारे डॉक्टर आहेत. मूळ उभं तडकलं असेल तर दाढ काढावीच लागते, हेही मान्य. आणि आपल्या नेहमीच्या मेडिक्लेममध्ये दाताचा खर्च सहसा बसत नाही, तेही खरं. म्हणूनच एक्स-रे मागा. कीड कुठवर गेलीय, मुळाशी काळी छाया कुठे आहे, बोट ठेवून दाखवा म्हणा. चिडले तर चिडू देत.

पण वरची दाढ काढली की डोळे जातात, क्लीनिंगने दात हलतात, असले शोध कृपा करून ग्रुपवर टाकू नका. क्लीनिंगने फटी पडत नाहीत. दगडासारखं कीटण निघाल्यावर आधीपासूनच्या फटी दिसतात, एवढंच.

पैशांचीच अडचण असेल तर मुंबईत नायरचं डेंटल कॉलेज आहे, मुंबई, नागपूर, संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. खासगीच्या मानाने खूप कमी पैशांत काम होतं. शिकणारी मुलं करतात म्हणून नाक मुरडू नका, देखरेखीला त्यांचे सर-मॅडम असतात. वेळ मात्र हाताशी ठेवून जा आणि जुना एक्स-रे असेल तर सोबत घ्या.