चेंडूला हात न लावता संघ कसा सुधारावा

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरून आलात, त्याबद्दल आधी अभिनंदन. दुसऱ्या फेरीत हरलं की मुक्काम वाढतो, टीए-डीएचा हिशोब वाढतो आणि आपल्या फिजिकल डायरेक्टर सरांचा बीपी वाढतो. तुम्ही तिन्ही वाचवलंत. आता पुढच्या हंगामापर्यंत चांगले सहा-सात महिने हाताशी आहेत. मी याच संघात तीन वर्षं राखीव खेळाडू होतो, म्हणजे बाकावर बसून सगळं नीट पाहिलेला माणूस आहे. तेव्हा ऐका.

आधी मैदान. नियमाप्रमाणे ते 28 मीटर लांब असतं, आपल्याकडे अर्ध्यावर गाड्यांचा स्टँड आहे. तो हलवा म्हणून प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरू नका. आपली पोरं वर्षभर मधल्या रेषेपर्यंतच पळतात, कारण पुढे स्प्लेंडर उभ्या असतात. सामन्यात 8 सेकंदांत चेंडू पलीकडे न्यायचा असतो, तिथेही ती सवयीने रेषेवर थबकतात. यालाच खेळाची शैली म्हणतात. ती मोडू नये.

उरलेला अर्धा भाग एप्रिलमध्ये कुरडयांचा. फ्री थ्रोच्या (फाउल झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) रेषेपासून रिंगखालपर्यंत जुन्या साड्या अंथरलेल्या, त्यांवर पांढऱ्या कुरडयांच्या रांगा, कोपऱ्यांवर विटांचे तुकडे, आणि सावलीला मावशी काठी घेऊन बसलेल्या. "चेंडू पडला का नाही कुरडयांवर, मग बघा! एवढ्या उन्हाचं काय करायलात रे इथं?" मावशींइतका कडक डिफेन्स मी अख्ख्या जिल्ह्यात पाहिलेला नाही. त्यांना संघात घ्या असं मी एकदा सुचवलं होतं. प्रवेश अर्जाची मुदत संपली होती.

रिंगकडेही बघू नका. ती जमिनीपासून 3.05 मीटरवर हवी. आपली रिंग पोरांनी लोंबकळून लोंबकळून पुढून चार बोटं खाली आणली आहे. बाहेरगावी गेलं की प्रत्येक शॉट आखूड पडतो, यात आपला काय दोष? त्यांच्या रिंगा सरळ आहेत. जाळी तर नकोच. 1891 साली नायस्मिथ साहेबांनी हा खेळ काढला तेव्हा फळांच्या टोपल्या टांगल्या होत्या, आणि त्यांना बूड असल्यामुळे बास्केट झाली की कुणीतरी वर चढून चेंडू काढायचा. आपण बूडही काढलं, जाळीही काढली. चेंडू आतून गेला की शेजारून, यावर निवांत वाद घालता येतो.

सरावाचं कुणी काढलंच तर कारण तयार ठेवा. मे महिन्यात ऊन कामाला येतं. परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो, वेगळं काही सांगावं लागत नाही. (सकाळी सहाला या, असं म्हणणारा माणूस संघातून काढून टाका.) पुढे पेरणी, मग पोळा, मग गणपती. काहीच नसेल तर पाणी. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. "सर, प्यायला पाणी नाही, खेळता काय" हे वाक्य आपल्या संघात तेव्हापासून चालू आहे. ते आता म्हणणारी पोरं तेव्हा प्राथमिक शाळेत होती, पण परंपरा म्हणून टिकवायला हवी.

आता मुख्य विषय. ट्रॅकसूटचा रंग. यावर तीन बैठका घ्या. मागच्या वर्षी आमच्या बैठकीत एका ज्युनियर पोराने मध्येच फ्री थ्रोचा विषय काढला. म्हणाला, आपण 4 गुणांनी हरलो आणि 17 फ्री थ्रोंपैकी 12 घालवले. रेषेपासून बोर्ड 4.6 मीटर, समोर हात आडवा करायला कुणी नाही, 5 सेकंद मोकळे. रोज प्रत्येकी 50 मारले तरी जमेल, अर्ध्या तासाचं काम आहे. सगळे गप्प झाले. मग कप्तान म्हणाला, "गड्या, ते बरोबर हाय, पण पाठीवर नाव मराठीत टाकायचं का इंग्लिशमध्ये?" पोरगं आता खो-खो खेळतं.

तसंही प्रमाणपत्रावर किती फरकाने हरलो ते छापून येत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे हे आपल्याकडे प्रत्येक पालकाला पाठ असतं. त्याला कुठल्या दर्जाच्या स्पर्धेतलं पदक लागतं, हे शेवटच्या वर्षी कळतं. तोवर लॅमिनेशन करून ठेवा.

एवढं सगळं ऐकूनही कुणाला खेळायचाच मोह झाला, तर चेंडू क्रीडा विभागाच्या कपाटात आहे. किल्ली सरांकडे, सर पेपर तपासायला, ते जूनमध्ये येतील. चेंडू बसलेला असणार, त्यात हवा भरायला पंप आहे, पंपाची पिन मात्र हरवलेली आहे. ती दहा-वीस रुपयांना मिळते. स्वतःच्या खिशातून आणू नका, ऑडिटला अडचण येते. तीन दुकानांची कोटेशनं घ्या आणि अर्ज आवकला टाका.